धुम्मस

पहाटे साडेपाचला ट्रक लावतो आम्ही,
मेसा गावात, ॲरिझोनात,
कारण दहानंतर फावड्याचा दांडासुद्धा
हात धरू देत नाही.

मिसेस टिल्डन गाउनवरच बाहेर येतात, हातात कॉफी.
"सगळंच काढायचं?"
दाताच्या डॉक्टरला विचारावं तसं विचारतात.
सगळंच, बाई. मुळांसकट. चार इंच.

एकोणीस वर्षांची हिरवळ.
तलावाच्या कडेला अजून जरा ओली,
बाकी नुसतं पाण्याचं बिल, पिवळं पडलेलं.
सोलताना ती जुन्या गोधडीसारखी फाटत जाते
आणि मातीचा वास येतो, थोडाच वेळ.
रोल उलगडला की नव्या मोटारीचा येतो.

भाचा माझा, लाझारो, अठराचा, कानात गाणी.
त्याला मी शिकवतो :
खडीचा चुरा, पाणी, पुन्हा चुरा,
तलावापासून बाहेर उतार, वावभर लांबीला दोन बोटं.
उतार चुकला तर क्लोरीनचं पाणी
अंगणात मुक्कामाला येतं.
आणि मग धुम्मस.
म्हणजे मशीनच, पण दात हलतात, पोटात मेघ फिरतो,
शेजारचा कुत्रा आधी भुंकतो, मग गप्प होतो.

तेव्हाच लाझारो ओरडला, "मामा, बंद कर!"

भिंतीच्या कडेला माती फुगली
आणि तिच्यातून एक बेडूक वर आला,
लिंबाएवढा, मातीच्याच रंगाचा,
डोळ्यांवर अजून झोप.

आमच्याकडे हे असे असतात.
मागच्या पायांनी खणत खणत खाली जातात
आणि वर्षभर थांबतात.
ढग गडगडला की वर.
एक डबकं, एक रात्र, तेवढ्यात सगळा संसार.

वर आभाळ धुतलेल्या ताटासारखं कोरडं.
मे महिना.
त्याला आम्ही बोलावलं होतं.

तो बसून राहिला.
मिसेस टिल्डननी सॅलडचा वाडगा आणला,
मग वाडगा तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.
"तलावात सोडू?"
नको बाई, त्यात मरेल.
"मग परत पुरायचा?"
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
कोटेशनमध्ये तो धरला नव्हता.

लाझारोने आपला डबा रिकामा केला,
दोन टॉर्टिया तोंडात कोंबून,
ओली माती भरली, बेडूक ठेवला,
आणि कालव्याच्या दिशेने चालू लागला.
वीस मिनिटांची मजुरी मी कापली नाही.

मग उरलेलं काम.
गवताला लव असते, ती घराकडे झुकवायची,
म्हणजे खिडकीतून दाट दिसतं.
सांधा असा जुळवायचा की शिवण शोधणाऱ्याला
गुडघे टेकावे लागतील.
वीतभर अंतरावर खिळा,
खिळ्याखाली एकही पातं दबू द्यायचं नाही,
दोन बोटांनी भांग पाडून ठोकायचा.
शेवटी वाळू, आणि वाळूवरून झाडू,
पाती उभी राहीपर्यंत.

दुपारी त्यांची नात अनवाणी धावत आली,
तीन उड्या,
चौथी थेट पाण्यात.
"इतकं तापतं?"
तापतं. पाइपने पाणी मारायचं, निवतं.
"म्हणजे पाणी घालायचंच."
मी पावती फाडत होतो. त्या हसल्या, मग मीही.

गवत मात्र सुरेख झालं होतं. खोटं कशाला बोलू.
निळ्याशेजारी हिरवं, कापून ठेवल्यासारखं,
बारा वर्षांची लेखी हमी,
जमिनीला भोकं पाडल्यास रद्द.

आता जुलै.
काल रात्री पूर्वेला गडगडलं,
बायको म्हणाली, ये, खिडकीतून बघ.
मी उठलो नाही.
या गावात मी दोनशे अंगणं झाकली आहेत, जास्तच असतील,
चौकोनी, मूत्रपिंडाच्या आकाराच्या तलावांभोवती,
एकेक इंच दाबून, एकेक खिळा मारून.
शिवण माझी कधी उसवत नाही.

पडून राहिलो.
पाऊस आलाच नाही, नुसता आवाज,
आणि मी कान देऊन,
पण वर नाही,
खाली.